बेरीज तेरा, गाडी १४३५

"त्या ट्रकच्या आकड्यांची बेरीज तेरा येते. त्याच्यावर क्लीनर म्हणून जायचं नाही," म्हणे आबा. अक्का, मी चिडून ताट सरकवलं ते चुकलंच. पण ही चिठ्ठी आबांना वाचून दाखवजो. गाडीचा नंबर १४३५. मी बेरीज सोडली अन् गुणाकार केला. पस्तीस गुणिले एक्केचाळीस करून पाहा, बरोबर १४३५ येतात. तेच चार आकडे, बाहेरचा एक नाही. स्वतःच्याच आकड्यांतून उभा राहतो तो नंबर अपशकुनी कसा? नाक्यावरच्या बठ्ठ्या, एकूण एक गाड्या तपासल्या, एकीचंही असं जमलं नाही. आबा तरी नाहीच म्हणतील, म्हणून विचारायला थांबत नाही. ट्रकात केळी भरून झाली, ड्रायव्हर पुनाभाऊ धुळ्याकडे निघायला हॉर्न देतोय. जातो.