गाडी वळायची जागा

माझ्या म्हशीची खुंटी तुम्ही सगळ्या गावादेखत उपटून फेकली होती, आप्पा. आता त्याच जागेवर तुमच्या नावाच्या कमानीचे दोन खांब उभे आहेत, ते कोण उपटणार? आधी हे सांगा. नमस्कार-चमत्कार मागनं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमची ख्यालीखुशाली तरी काय विचारू?

ती जागा गावाच्या तोंडाशी, नाल्याच्या अलीकडं. तुमच्या शेताचा कोपरा होता तो. तवा आपल्या गावात एष्टी येत नव्हती. मुखेडला जायचं तर फाट्यापर्यंत तंगडतोड, अडलेली बाई असली तर बैलगाडीत घालून न्यायची. तुम्ही पंचायत समितीवर निवडून आलात नि मुखेडच्या डेपोत जाऊन बसलात. तिथला साहेब म्हणाला, गाडी देतो, पण ती वळायला तुमच्या गावात जागा कुठं आहे? तुम्ही घरी आलात आणि कोपऱ्यातली उभी तूर कापायला लावली. शेंगा भरत आल्या होत्या. काकू बांधावर बसून पदर तोंडाला लावून रडत होत्या, नि तुम्ही म्हणत होता, "तूर पुढल्या साली बी येती. गाडी एकदा गेली की येत न्हाई." मग आम्ही बायकांनी दगड वेचले, मुरूम टाकला. आमच्या आळीतल्या नि बौद्धवाड्यातल्या बायकांच्या दोन वेगळ्या रांगा लागल्या होत्या. तुम्ही मधी येऊन उभे राहिलात नि म्हणालात, "गाडीत काय दोन दारं करू का तुमच्यासाठी?" रांग एक झाली. पहिली गाडी आली, गोल वळली, बायकांनी ताटं बडवली. तुमच्यासाठी आणलेला हार तुम्ही ड्रायव्हरच्या गळ्यात घातला.

मग मी तिथं म्हैस बांधली. सपाट जागा, कडेला लिंबाची सावली, दिवसभर मोकळी पडलेली. म्हटलं, कामून वाया घालवायची? तुम्ही आलात, खुंटी हलवून हलवून उपटलीत. "सूनबाई, ही जागा रिकामी दिसती, पर रिकामी न्हाई. हितं गाडी वळती. माझा बाप सरगातून आला तरी हितं खुंटी ठोकायची न्हाई." पारावरची माणसं हसली. मी म्हैस ओढत घरी नेली आणि वाटभर तुमच्या नावानं बोटं मोडली. खुंटी मात्र उचलून आणली. बाभळीची होती, चांगली.

तुम्ही तरी कुठं डूख धरला? पंचायतीत बाईची जागा निघाली तवा माझ्याच दारात आलात. मी म्हटलं, माझी शाळा दुसरीपर्यंतची, मला काय कळतंय. तुम्ही म्हणालात, "भांडता येतंय न्हवं? बाकीचं शिकवतो." निवडून आले नि पहिल्याच बैठकीला आमचे मालक माझ्या अगोदर खुर्चीत जाऊन बसले. नळाचं विचारलं, जबाब मालकांनी दिला. गटारीचं विचारलं, मालकांनीच दिला. मी डोक्यावरचा पदर सावरत भिंतीला टेकून उभी. तुम्ही मालकांकडं बघितलं बी नाही. म्हणालात, "ज्याला इचारलं त्यानंच बोलायचं. मेंबर ती हाय, तुमी न्हाई. तुमी भाईर जाऊन च्या सांगा." आमचे मालक उठले नि खरंच चहा सांगून आले. घरी आल्यावर मला शिव्या घातल्या, पण पुढल्या बैठकीला खुर्ची मला मोकळी होती. तुम्ही माझ्याकडं बघून एवढंच म्हणालात, "आता बोल, न्हाई तर तू बी जा च्या सांगायला."

आता ऐका तुमच्या लेकाचा पराक्रम. त्याला गाव आता साहेब म्हणतं. वडलांच्या सेवेचा मान राखायचा म्हणून त्यानं कमान उभी केली. ग्रॅनाइट लावलंय, लाइटी लावल्यात, वर तुमचा फोटो, फेट्यातला. तुम्ही जन्मभर टोपीत राहिलात, तरी असू द्या. खांबांतलं अंतर ठरवताना त्यांनी साहेबांची पांढरी गाडी मधी उभी करून बघितली. आरामात जाती म्हणाले. एष्टी कुणाच्या डोक्यातच आली नाही, कारण तिच्यात आता बायका, पोरी नि म्हातारी माणसंच बसतात. उद्‌घाटनाचे फटाके वाजले, आणि दुसऱ्या दिवशी गाडी आली ती कमानीच्या अलीकडं थांबली. पुढं घेतली तर खांब, मागं घेतली तर नाला. ड्रायव्हर खाली उतरला, कमरेवर हात ठेवून वर बघितलं नि मला म्हणाला, "मावशी, हे कोण हायत?" मी म्हटलं, "तुझी गाडी ज्यांनी आणली ते." तो पाया पडला नि त्यानं गाडी फाट्यापर्यंत उलटी नेली. तवापासून गाडी फाट्यावरनंच माघारी जाती.

माझी नात बारावीला आहे, मुखेडला. तिला नर्सिंग करायला लातूरला जायचंय. फाट्याची वाट सकाळी सुनसान असती, वाटेत दारूचं दुकान झालंय. माझा पोरगा म्हणून राहिला, बस झालं शिक्षण, नायगावकडचं स्थळ आलंय, द्या उजवून. पोरगी रोज अंधारातच उठून वेणी घालती नि दारात उभी राहती, आज जायचं का नाही म्हणून. मग मी काठी घेते नि तिच्यासंगं फाट्याला जाते. गुडघे ओरडतात. ओरडू द्या. पण मी किती दिस पुरणार? कुण्या दिवशी मी उठले नाही की त्या दिवशी तिची शाळा संपली.

म्हणून मी तुमच्या लेकाकडं गेले. तो खुर्चीत मोबाइल बघत बसलेला, शेजारी त्याचा माणूस. मी बोलले लेकाला, तोंड उघडलं त्या माणसानं. "आजी, साहेब बघतील." मी म्हटलं, खांब बाजूला घ्या. तो माणूस म्हणाला, "आजी, हा आप्पांच्या इज्जतीचा सवाल हाय." मी म्हटलं, "आप्पाची इज्जत रोज सकाळी खिडकीपाशी बसून मुखेडला जात होती. तुमी तिला फाट्यावर उतरवली." लेक हसला, पण वर बघितलं नाही. तुमचं नाक घेतलंय त्यानं, कान घेतले नाहीत.

उद्या ग्रामसभा आहे. बौद्धवाड्यातल्या बायका येणार, आमच्या आळीतल्या येणार, एकाच रांगेत. माझी म्हैस कधीच गेली, पण ती खुंटी अजून आहे, दाराला अडसर म्हणून लावते. उद्या ती काढून घेणार नि तुमच्या लेकापुढं टेबलावर ठेवणार. त्याला सांगणार, तुझ्या बापानं ही उपटली ती माझ्याशी वैर म्हणून नाही. कमान पाडा असं कुणी म्हणत नाही. सरकवा, शाळेपाशी उभी करा, चांगली दिसंल. नाही म्हणाला तर परवा सकाळपासून आम्ही बायका त्या खांबांमधी बसू. आमची एष्टी तर जात नाही तिथनं, तुझी पांढरी गाडी कशी जाती बघू.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला बी माहीत नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवते, नातीनं बघितलं तर हसंल माझ्या अक्षराला. आणि एक सांगते, फुगू नका. फोटो चांगला आलाय तुमचा. डोळे तसेच वटारलेले. फाट्यावरनं परत येताना, आजूबाजूला कुणी नसलं की, मी हात जोडते.

पण उद्या तुमची भीड धरायची नाही मला. तुम्ही बी वरनं मधी पडू नका. त्याच्या माणसाला मी चहा सांगायला भाईर पाठवीन. खांब हलणार का नाही, याचा जबाब तुमच्या लेकानं द्यायचा. उभं राहून, स्वतःच्या तोंडानं.