बाबांचा दम

लाडके आकांक्षा,

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहून राह्यली, पण जीव थाऱ्यावर नाई. तू बाळंतपणाले टेकली, म्हणून बाबानं तुले कळवू देल्लं नाई.

जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीनं त्याहिचे फुफ्फुस खराब झाले, हे तुले माहीत हाये. मागच्या खेपी दम वाढला तवा पंप अन् गोळ्यांवर घरीच भागलं. यावेळी ओठ निळे पडले. डॉक्टर म्हणाले, "हा गंभीर झटका आहे, भरती करा."

तोंडावर मशीनचा मास्क लावला, तर बाबा उपटून फेकत होते. मी त्याहिचे हात दाबून धरले. त्याहिच्या डोळ्यात पाहवत नव्हतं.

थांब, सिस्टर बोलावून राह्यली.

डॉक्टरनं मास्क काढला, आकांक्षा! बाबा एका दमात बोलले, "फोन लाव, पोरीले मीच सांगतो."

तुयी आई