किटलीतलं शिसं

४ मार्च
आज परत पोटात कळ. ऑफिसात खुर्चीत टेकलो की सुरू. फॅमिली डॉक्टर म्हणाला, गॅस. या माणसाला गॅसपलीकडे सुचतच नाही, सिलिंडरची एजन्सी घ्यावी त्याने. उद्यापासून स्वतःच अभ्यास करणार.

६ मार्च
डॉक्टरांच्या नजरेतून सुटणारी कारणं इंटरनेटवर ढिगाने आहेत. एकेक आजार असा की नाव घेताना जीभ वळत नाही. मला शोभेलसा. बायको म्हणाली, बटण लावताना श्वास रोखून धरता, पँट बघा आधी. हिला कपड्यांशिवाय काही दिसत नाही. कॉलेजपासून माझी कंबर बत्तीस आहे.

९ मार्च, रविवार
दिवसभर पायजम्यात लोळलो. कळ नाही. सापडलं! घरी दुखत नाही, ऑफिसात दुखतं, म्हणजे ऑफिसचा चहा. चहावाल्या मावशींची किटली जुनाट. त्यात शिसं असणार. शिशाने पोट दुखतं हे आमच्या डॉक्टरच्या गावीही नसेल.

१० मार्च
साहेबांकडे तक्रार केली. किटली तपासून होईपर्यंत मावशी घरी, बिनपगारी. मावशींनी कप विसळून पालथे घातले आणि गेल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मशीनचा चहा मात्र भांडी धुतलेल्या पाण्यासारखा.

१३ मार्च
किटलीत शिसं नाही. माझ्या रक्तातही नाही. लॅबवाले गाढव. कळ वाढली आहे, म्हणजे शिसं खोल मुरलंय. आता स्पेशालिस्ट.

१५ मार्च
स्पेशालिस्ट म्हणजे कालची पोर. माझं शिशावरचं विवेचन अर्ध्यात तोडून म्हणाली, "पट्टा सोडा." सोडला. कळ गेली. पोटावर बकलाचा ठसा. टेप लावून म्हणाली, अडतीस. टेप आटलेली असणार.

बायको हसली नाही. म्हणाली, "मावशींचं काय?" मी म्हटलं, साहेबांना कारण काय सांगू? कंबर? ती म्हणाली, "तुम्ही सांगताय, की मी फोन करू?"

१७ मार्च
नवी पँट. साहेबांना सांगितलं, दुखणं फार गुंतागुंतीचं निघालं, चहाचा संबंध नाही. कोणतं दुखणं, हे त्यांनी विचारलंच नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.

मावशी परत आल्या. माझ्यापुढे कप ठेवून म्हणाल्या, "साहेब, बिनसाखरेचा. वहिनींनी फोनवर सांगितलंय."

सगळं ऑफिस खाली मान घालून काम करत होतं. इतकं काम इथे कधी झालेलं नाही.