ताईचं पहिलंवहिलं कर्ज

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींचा गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. इकडची बातमी अशी, की आमचे मालक फ्रेमचं दुकान विकून मुलीकडे राहायला निघालेत. इतकी वर्षं मी तिथे काचा कापतोय, चौकटी जोडतोय, म्हणून पहिल्यांदा मलाच विचारलं. वर्षाखेरपर्यंत थांबतो म्हणाले.

बँकेत गेलो. साहेबांनी संगणकात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. विशीत कर्जावर घेतलेली ती मोटरसायकल, कार्डावर मित्रांना दिलेल्या पार्ट्या, मग पत्ता बदलून गप्प बसणं, शेवटी निम्मे पैसे भरून केलेली तडजोड, सगळं तिथे जसंच्या तसं आहे. त्यानंतर मी एक बिल चुकवलेलं नाही. तेही दिसतं म्हणाले, पण एकट्याच्या नावावर एवढं कर्ज देता येणार नाही. चांगलं नाव असलेलं कुणी बरोबर सही करत असेल तर बघू. ताई, तुझं नाव देऊ का? नाही म्हणालीस तरी माया कमी होणार नाही.

तुझा,
ठोक्या

१८ जानेवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

विचारतोस काय, लगेच इथल्या बँकेत गेले. माझ्या नावावर जन्मात एका पैशाचं कर्ज नाही, असं मान ताठ करून सांगितलं. तर तिथला तो कारकून म्हणतो, मग तुमच्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नाही! म्हणजे तुझं नाव खराब आणि मला नावच नाही. आंधळ्या-लंगड्याची जोडी आपली.

तो म्हणाला, काहीतरी हप्त्यावर घ्या, फेडून दाखवा, मग या. म्हणून त्याच्याच बँकेच्या कर्जातून कपडे धुवायचं मशीन आणलं, दहा महिन्यांच्या हप्त्यांवर. हे म्हणाले, दोन माणसांच्या घरात धुवायचं काय? मी म्हटलं, माझ्या भावाची पापं.

जेवत जा वेळेवर. आणि बँकेवर नसला तरी बहिणीवर भरवसा ठेव.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दुकानात एकटाच हसलो. मालकांनाही सांगितलं. त्यांनी मला वरच्या फळीवरचे जुने नमुने काढून दाखवले, आता हे तुझंच म्हणाले. खिडकीजवळ कापायचं टेबल सरकवलं तर उजेड चांगला येईल, तेही मी मनात ठरवून टाकलंय. हावरटपणा झाला, पण ठरवलंय.

ताई, हप्त्याची तारीख तेवढी सांभाळ. उशीर अजिबात नको. लवकर भरलास तर उत्तमच. भावोजींना नमस्कार, आणि माझ्यासाठी इतकं करतेस त्याला काय म्हणावं ते सुचत नाही.

तुझा,
ठोक्या

२० एप्रिल

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

आनंदाची बातमी! मशीन सुरू केलं की माझा जीव खालीवर व्हायचा. दुसऱ्याच्या पैशाची वस्तू माझ्या न्हाणीघरात गरगर फिरतेय! हे म्हणायचे, अगं सगळं जग हप्त्यावर चाललंय. जगाचं जग बघेल. परवा ठेव मोडली आणि सगळं कर्ज एकदम फेडून टाकलं.

कारकुनाने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, बाबा रे, शाळेच्या ग्रंथालयात जन्म गेला माझा. मुदतीआधी पुस्तक आणून देणाऱ्यालाच मी शहाणा वाचक म्हणते. आता माझं नाव लखलखीत झालं. जा बँकेत, खुशाल सांग.

टेबल खिडकीशी लाव. बघायला येईनच, चहाची तयारी ठेव.

तुझी,
ताई

११ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बँकेत जाऊन आलो. साहेब म्हणाले, मोजून दोन हप्ते आणि खातं बंद, एवढ्यावरून माणूस कसा ओळखायचा? महिन्यामागून महिना भरताना दिसायला हवं होतं. आता नव्याने सुरुवात करा आणि पुढच्या वर्षी या.

मालकांना सांगितलं. रोख देणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे येऊन गेलं होतं. वर्षाखेरीला तरी जमेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. मला हो म्हणता आलं नाही. काल व्यवहार झाला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतील, त्यांना चौकटी जोडणारा माणूस नको आहे. काच कापायचं हत्यार तू ठेव, असं मालक म्हणाले. ते पिशवीत घेऊन घरी आलो.

तुझा राग आला. खोटं कशाला सांगू, तुझं पत्र चुरगळलं. मग सरळ केलं. लवकर भरलास तर उत्तम, हे मीच लिहिलं होतं ना? तू मनाला लावून घेऊ नकोस. भावोजींना काही सांगू नकोस.

तुझा,
ठोक्या

१९ मे

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

यांना सांगितलं. लपवता येईना.

काल त्या कारकुनाकडे गेले होते. त्याला म्हटलं, माझं ते कर्ज मला परत द्या, मी पुन्हा सावकाश फेडते, एकही हप्ता आधी भरणार नाही. तो हसला. वाईट हसला नाही रे, पोर चांगलं आहे. बंद झालेलं खातं उघडत नाही म्हणाला. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग पाणी आणून दिलं. माझ्यामागची माणसं आपापली कामं उरकून गेली, तरी मी तिथेच बसून होते. आता कुणाला विचारायचं, तेच मला कळेना.

तुझी,
ताई