हातचा

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आपलं भांडण राहूनच गेलं, म्हणून लिहितेय. पांढरकवड्याच्या शाळेत मी तुमच्यासमोर टाटपट्टीवर बसायची. बेरीज करताना माझा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायचा, घरी आईचा फिरायचा तसाच. तुम्ही मला दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायला लावलंत. म्हणालात, "बोटं जल्मभर पुरतीन काय वं तुले?" वर्ग हसला. मग रोजच तास संपेपर्यंत तळहातांवर टाटपट्टीची नक्षी उमटलेली असायची. दहावीनंतर तुम्ही आईला बोलावून सांगितलंत, हिला गणित जमायचं नाही, आर्ट्सला टाका. आई घरी आली, भाकरी थापायला बसली आणि म्हणाली, "मोज तू. बोटं तुयी हायेत, सराची नाही." मी सायन्सला गेले आणि मुद्दाम गणित घेतलं.

आता यवतमाळच्या कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवते. कॉम्प्युटरला शून्य आणि एक, दोनच आकडे कळतात. म्हणून मी वर्गापुढे हात उभा धरते. मिटलेलं बोट शून्य, उघडलेलं एक. अंगठ्याची किंमत एक, पुढच्या बोटाची दोन, मग चार, आठ, सोळा. एका हातावर एकतीसपर्यंत जाता येतं, दोन्ही हातांवर एक हजार तेवीसपर्यंत. पुरली की नाही, सर?

आज एका मुलीचा प्रोग्राम दोनशे पंचावन्नपर्यंत नीट मोजत गेला आणि एकदम शून्यावर आला. ती रडकुंडीला आली. म्हणाली, "मॅडम, मायं गणितच कच्चं आहे." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गणित ठीक आहे, आकडा ठेवायला तू घरंच आठ दिलीस, एक घर म्हणजे एक बोट. अंगठे सोडून आठही बोटं उघड, झाले दोनशे पंचावन्न, आता एक मिळव. हातचा एकेका बोटावरून पुढे सरकला, आठही बोटं मिटली, आणि हातचा ठेवायला नववं बोटच नव्हतं. ती स्वतःच्या मुठींकडे बघून हसायला लागली. मग तिनं घरं वाढवली.

'हातचा एक' हे शब्द तुम्हीच शिकवलेत, सर. माझे हात मांडीखाली दाबून ठेवलेत, तेव्हा तो हातचा मी कुठं धरायचा होता?

हा कागद खणातच राहणार आहे, म्हणून सांगून टाकते. वर्गात माझा हात उंच असतो. पण स्टाफरूममध्ये कुणी साधी बेरीज विचारली, की तो आपसूक ओढणीखाली जातो. तिथं अंगठा पेरांवर फिरतो. उत्तर बरोबर येतं.