काढलेली सीट

प्रिय ढमे,

या नावाने हाक मारायची नाही असं तू शाळेतच बजावलं होतंस, ते माझ्या चांगलं लक्षात आहे. पण मी सध्या इतका वैतागलोय की निदान पत्रात तरी मला हवं ते लिहू दे. अक्षर मोठं दिसेल, जाड स्केचपेनने लिहितोय. चिडलेल्या माणसाचं अक्षर मोठंच येतं असं समज. फोन केला असता, पण मी एक वाक्य बोललो की तुझी आई मागून तीन दुरुस्त्या सांगते आणि शेवटी तुम्ही दोघीच गप्पा मारत बसता. तर बातमी अशी, की तुझी आई गाडी विकायला निघाली आहे. माझी गाडी. रविवारी कोणी दातांचा डॉक्टर ती बघायला येणार आहे. फोनवर त्याने पहिला प्रश्न काय विचारावा, तर एसी कसा चालतो. ज्या माणसाला त्या गाडीत एसी हवाय त्याच्या हाती मी किल्ली द्यायची? माझा नुसता जळफळाट होतोय.

तुला आठवतं ना, ती घेतली तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. आयुष्यभर मी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. खड्ड्यात उतरून ग्रीसने माखलो आणि जगाला वर-खाली नेलं. निवृत्त झाल्यावर एकदाच वाटलं की स्वतःसाठी काहीतरी आडवं धावणारं घ्यावं. दोनच सीटा, कापडी छत, अॅल्युमिनियमचं अंग. पहिल्या दिवशी तू शेजारी बसलीस आणि आपण खाणीच्या रस्त्यावरची सगळी वळणं घेऊन आलो. तू इतकी ओरडत होतीस की मला इंजिन ऐकूच आलं नाही, आणि परत आल्यावर तू म्हणालीस की ही गाडी वळत नाही, आपण मनात आणलं की ती तिकडे तोंड करते. असं नेमकं माझ्या शेजारी बसून दुसरं कोणी कधी बोललं नाही. तुझी आई एकदाच बसली आणि उतरताना म्हणाली की यापेक्षा ओट्यावर बसून गेले असते.

तू नोकरीला गेलीस आणि मग रविवार मोकळे झाले. मोकळ्या हातांना काम लागतंच. मुळातच हलकी गाडी आणखी हलकी कशाला करायची, असं जो तो विचारतो, आणि मला समजावून सांगायचा कंटाळा आलाय. वजन उतरलं की गाडी ब्रेकला लवकर थांबते, वळणाला लवकर वळते, बस. आधी मी गालिचे काढले. मग रेडिओ, स्पीकर, सामानाच्या कप्प्याचं झाकण. मग एसी. तळाला आवाज दाबायला डांबरी थर चिकटवलेला असतो, तो गरम करून पट्टीने खरवडताना माझ्या कमरेचा पार भुगा झाला. दाराच्या आतली हँडलं काढून तिथे कापडी पट्टे लावले. बॅटरी बदलून एका हातात मावेल अशी बसवली. काढलेली प्रत्येक छोटी वस्तू मी तुझ्या आईच्या केकच्या वजनकाट्यावर ठेवून मोजत होतो, आणि पीठ मोजायच्या काट्यावर नटबोल्ट ठेवले म्हणून रोज घरात महाभारत.

आणि एवढं करून हिशेब जुळेना! भंगारवाल्याकडे ट्रक मोजायचा काटा आहे, तिथे गाडी नेऊन उभी केली. माझ्या बेरजेने जितकी हलकी व्हायला हवी तितकी ती झालीच नव्हती, फार मोठा फरक होता. मी भंगारवाल्याशी भांडलो. त्याचा काटा बिघडलाय, असं त्याला तोंडावर सांगितलं. तो बिचारा म्हणाला की याच काट्यावर सगळा गाव लोखंड मोजतो, तुमची एकट्याचीच तक्रार आहे. घरी येताना फाटकाच्या खांबाने गाडीला चांगलंच खरचटलं. हो, खांबानेच. तो खांब पहिल्यापासून रस्त्यात आलेला आहे.

हिशेब जुळत नाही म्हणून मी चवताळलो आणि शेजारची सीट काढली. चार बोल्ट आणि खालची एअरबॅगची पिवळी वायर, झालं काम. तेव्हापासून समोर एअरबॅगचा लाल दिवा पेटून राहिलाय, त्याच्यावर मी काळी चिकटपट्टी लावून टाकली. नेमकी त्याच आठवड्यात तू सुट्टीला आलीस. उत्साहाने दार उघडलंस आणि आत बघत उभी राहिलीस. मी कुठे बसणार, असं तू विचारलंस, आणि मी म्हणालो की तू बसलीस तर माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल. मला ती गंमत वाटली. तू हसली नाहीस. स्टेशनला जाताना तू टॅक्सी मागवलीस आणि मी फाटकाशी उभा राहून हात हलवत राहिलो. त्यानंतर तू आईला फोन करतेस आणि माझी तब्येत तिलाच विचारतेस. मी घरातच असतो, ढमे.

आता केकचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एका ऑफिसच्या पार्टीची मोठी ऑर्डर होती. तुझ्या आईला मध्येच फोन आला, हात पिठात, म्हणून तिने मला आठशे ग्रॅम लोणी मोजून भांड्यात घालायला सांगितलं. मी नीट मोजलं, काट्यावर आठशे दिसलं, घातलं. भट्टीतून निघाली ती वीट. ती खवळेल म्हणून मी आधीच आवाज चढवून तयार होतो. तिने काय केलं, तर लोण्याचा एक तुकडा काट्यावर ठेवला आणि मला आकडा वाचायला लावला. मी आठशे म्हणालो. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणालो. तुझी आई गप्प बसली, यावरूनच काय ते समज. आकडा तीनशे होता. भंगारवाल्याचा काटा बरोबर होता आणि खांबही जागेवरच होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माझ्या नजरेचा मधला भाग विझत चाललाय. कडा शाबूत आहेत, मधलं गेलं ते परत येणार नाही. तुझ्या आईकडे बघितलं तर हल्ली मला फक्त कानातले दिसतात. लायसन्स गेलं. मला राग येतो, इतका की गॅरेजचं दार लाथेने लावतो. ज्या गाडीतून मी एकूण एक जादा वस्तू वेचून काढली, तिच्यात आता एकट्या चालकापुरती जागा आहे आणि तो चालक मी नाही. म्हणूनच आई विकायला निघाली आहे, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलेलं नाही.

तर हे पत्र त्यासाठी. दातांचा डॉक्टर रविवारी येतोय, तू शनिवारी ये. गाडी तू घे. ती सीट मी फेकली नव्हती. तुझ्या आईने तिला सुताराकडून लाकडी पाय बसवून घेतले आणि केक भट्टीत असला की ती त्यावर ऐसपैस बसते. घरात इतकी आरामशीर खुर्ची दुसरी नाही, म्हणते. मी परत मागितली तर म्हणाली की लेक किल्ली घेऊन स्वयंपाकघरात उभी राहील तेव्हाच मी उठेन. पाना मी काढून ठेवलाय. बोल्ट बोटांनी चाचपून बसवता येतात, त्याला डोळे लागत नाहीत. दिव्यावरची चिकटपट्टीही काढून टाकू. मग मला खाणीच्या रस्त्याने ने. हळू घे असं मी एकदाही म्हणणार नाही, हवं तर ओरडेन मात्र. काल मी माझं वजन केलं आणि तुझ्या आईने आकडा वाचून दाखवला. मी शेजारी बसलो तर माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल. जाऊ दे.

तुझाच,
शेजारी बसायला तयार असलेला
बाबा