जुलैच्या आत विलायत

लंडन, २० मार्च १९६२

सौ. सुनयना हिस,

देवानंदचे अनेक आशीर्वाद. बाबा-आईंना साष्टांग नमस्कार, हिराला मुका. मी खुशाल आहे. सर्दी पाठ सोडत नाही, पण इस्पितळातच नर्सिंग शिकतोय, तेव्हा औषध फुकट.

आता नीट वाच. आपण या बेटावरची म्हणजे राणीच्या राज्यातली माणसं, म्हणून आजवर इंग्लंडात यायला व्हिसा लागत नव्हता. हातात पासपोर्ट असला की झालं. आता नवा कायदा येतोय, बहुतेक जुलैपासून. मग बायको-मुलांना येऊ देतील, पण लग्नाचा सरकारी कागद दाखवला तरच. आपला कागद कुठाय? भटजी होते, अंतरपाट होता, अख्खं बो बासें गाव जेवून गेलं, पण कचेरीत नोंद करायला कोण गेलं? आपल्यात जातं का कोणी?

तेव्हा जुलैच्या आत ये. पासपोर्ट तुझ्या माहेरच्या नावाने काढ आणि त्यातच हिराचं नाव घालून घे. ती पोटात असताना मी बोटीत चढलो, अजून पोरीचं तोंड पाहिलं नाही. उशीर करू नकोस गं.

तुझी माया अशीच राहू दे.
देवानंद

बो बासें, ८ एप्रिल १९६२

हिराच्या बाबांस,

सुनयनाचा शि. सा. नमस्कार, वि. वि. इकडे सगळी बरी आहेत. तुमची सर्दी ऐकून सासूबाईंनी आल्याचा पाक करून ठेवलाय. आता तो कोणाबरोबर पाठवायचा ते बघायचं.

माझा पासपोर्ट होईल. तुम्ही पाकिटावर ‘सौ.’ लिहिता, पण पोर्ट लुईच्या कचेरीतल्या मिसिये साहेबाने मला अविवाहित लिहिलं. गळ्यात मंगळसूत्र, आणि मी मान डोलावली. तेवढं सोसलं. पुढचं कसं सांगू?

हिराचं नाव माझ्या पासपोर्टात घालत नाहीत. तिच्या जन्माचा दाखला काढला, तर त्यात बाप म्हणून मामंजी आणि आई म्हणून सासूबाई! हिरा झाली तेव्हा नोंदवायला मामंजी गेले होते. नोंदीशिवायचं लग्न सरकार मानत नाही, मूल लग्नाबाहेरचं लिहावं लागेल, असं कारकून म्हणाला. मामंजींचा संताप तुम्हाला ठाऊकच आहे. टेबलावर हात आपटून त्यांनी सांगितलं, की मग लिहा माझीच मुलगी. त्यांच्या स्वतःच्या लग्नाची नोंद जमिनीच्या कामासाठी कधीचीच झालेली. आता सरकारदरबारी हिरा तुमची धाकटी बहीण आहे आणि माझी कोणीच नाही.

मामंजी म्हणतात, बिघडलं काय, नाव घरातलंच आहे. सासूबाई म्हणतात, पोर आमच्याकडे ठेव आणि तू जा. कशी ठेवू हो? माझा पदर मुठीत धरल्याशिवाय ती झोपत नाही. आले तर ती सुटते, न आले तर तुम्ही. मला काही सुचत नाही. तुम्हीच सांगा.

मनात जागा असू द्या.
सुनयना

लंडन, १६ एप्रिल १९६२

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. बाबा, हे काय करून बसलात? एकदा कळवायचं तरी! उद्या मी माझ्याच मुलीला दत्तक घेऊ? सुनयनाला पोरीशिवाय ये म्हणायची माझी छाती होत नाही. दोघींना तिथेच राहू द्या. शिक्षण सोडून मीच परत येतो.

रागात कमी-जास्त लिहिलं असेल, पोटात घाला.
आपला, देवानंद

बोटीवरून, जिबूती, २९ मे १९६२

चि. देवानंद यास,

बाबूरावचे आशीर्वाद. तोंड फार चालायला लागलंय तुझं. परत येतो म्हणे! शिक्षण अर्धं टाकून काय उसाला थर्मामीटर लावणार आहेस? माझ्या नातीला कोणी वाकडं नाव लावू नये म्हणून मी ते केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

कागदावर बाप मी ना? मग बापच तिला घेऊन येतोय. गाय विकली, पासपोर्ट काढला, त्यात हिराचं नाव घातलं. सुनयना तिच्या माहेरच्या नावाने याच बोटीत आहे. मार्सेयहून आगगाडी, मग डोव्हर. जुलैच्या आत पोचतो. आल्या आल्या दोघं कचेरीत जाऊन लग्न नोंदवा, हिराचं काय ते वकिलाला विचारा. मी पुढच्या बोटीने परत. तुझी आई एकटी आहे. तिने आल्याचा पाक दिलाय, बाटली निम्मी सांडली.

आता एक गोष्ट. उतरल्यावर साहेब पोरीला विचारणार, हे कोण? ती आजा म्हणाली की सगळं संपलं. म्हणून घर सोडल्यापासून तिला शिकवतोय, मला बाबा म्हणायचं आणि सुनयनाला ताई. आधी फार रडायची. सुनयना दुसरीकडे बघत बसायची. आता पोर चुकत नाही. काल डेकवर पडली, गुडघा फुटला, तर ‘ताई, ताई’ करत धावली. सुनयनाने उचलून घेतलं. मला तिकडे बघवेना रे.

तुझा फोटो रोज दाखवतो. हा कोण, विचारलं की लगेच सांगते. तू पलीकडे उभा असशील, लेकीला पहिल्यांदा बघशील, आणि ती तुला दादा म्हणून हाक मारील. साहेबाचा शिक्का पडेपर्यंत ओ दे.

तुझा बाप,
बाबूराव